निळ्या वस्तऱ्याचं पाणी

आमच्या घरात कुणी थाप मारली तर तिला थाप म्हणत नाहीत. "वस्तरा पाण्यात ठेवला होता वाटतं," असं म्हणतात. भावाने नापासाचं प्रगतिपुस्तक गादीखाली सारलं तेव्हा बाबा हेच म्हणाले. मी अभ्यासाला म्हणून गेले आणि सिनेमा बघून आले तेव्हाही हेच. लहानपणी मला ही साऱ्या जगाचीच म्हण वाटायची. शाळेत एकदा बाईंसमोर वापरली, तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

म्हण बाबांनी पाडलेली, आणि त्यात नाक कापलं जायचं ते माझ्या आत्याचं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय सहासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र अडीचशे माणसांच्या पंगतीला पुरेल असा. सदतीस वर्षं तिने कामगारांच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. तोंडाने फटकळ. माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत म्हणाली, "फोटोत केस जास्त होते." तिला भांडकुदळ म्हणणारे लोक मला माहीत आहेत, आगाऊ म्हणणारेही. पण घराबाहेर तिला खोटारडी म्हणणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. तो मान फक्त आमच्या घराने दिला आणि सत्तावन्न वर्षं चालवला. मला याचा पहिल्यापासून राग होता.

झालं होतं ते असं. माझे आजोबा न्हावी. त्यांचा एक वस्तरा होता, शिंगाच्या मुठीचा, आणि तो हातात असला की आजोबांना दुसरं कुणी लागायचं नाही. आत्या नऊ वर्षांची असताना ते तापाने आडवे झाले. संध्याकाळी पडल्या पडल्या तिला म्हणाले, "दादाला सांग, वस्तरा पाजवून ठेव म्हणावं." दादा म्हणजे माझे बाबा. तेव्हा चौदा वर्षांचे, आणि वस्तऱ्याला धार लावायचं काम त्यांचं. पण दादा गल्लीत खेळत होता. आत्याला पाजवणं म्हणजे धार लावणं, हे माहीत नव्हतं. तिला पाजणं माहीत होतं. शेजारणीच्या तान्ह्या पोराला बाटलीने दूध पाजायचं काम रोज तिच्याकडेच असायचं. दादाला कशाला हाक मारायची, आपणच पाजू, असं तिला वाटलं. आणि पाजायचंच तर नुसतं पाणी कशाला? आजोबांच्या उशाशी आजीने लिंबाच्या सरबताचा मोठा पेला ठेवला होता. आजोबांना झोप लागली होती. पोरीने पेला उचलून स्वयंपाकघरात नेला, वस्तरा उघडला, पातं सरबतात बुडवलं आणि गुणी मुलीसारखी झोपायला गेली.

सकाळी पातं निळंकाळं. तिची पाचावर धारण बसली. आजारी माणसाचं सरबत वाया घालवलं म्हणून मार पडेल या भीतीने तिने पेला विसळून टाकला आणि विचारल्यावर सांगितलं, "पाण्यात ठेवला होता." एवढंच एक खोटं ती बोलली.

आजोबांनी वस्तरा उजेडात धरला. म्हणाले, "पाण्याने लोखंड तांबडं होतं. निळं होतं ते विस्तवाने. शेगडीवर धरलास." पोलाद भट्टीतून काढून थंड करतात तेव्हा त्याला जो कडकपणा येतो त्याला पाणी म्हणतात, आणि असं पातं पुन्हा तापून निळं झालं की ते पाणी उतरतं. पातं मऊ पडतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही. हे आजोबांचं शास्त्र खरंच होतं. त्यांनी वस्तरा तेलकट फडक्यात गुंडाळून खणात टाकला आणि पोरीला सांगितलं, "खोटं बोलणाऱ्या हातात मी हत्यार देणार नाही. दुकानाची पायरी चढायची नाही."

आणि तिला तर तेच काम शिकायचं होतं. शेजारच्या पोरांचे केस कापून झाल्यावर तिने स्वतःच्या बाहुलीलासुद्धा टक्कल केलेलं होतं. बाबांना या कामाची कधी फार आवड नव्हती, दुकान मात्र त्यांना मिळालं. आत्याला मिळाली कांद्यांची पोती. पुढे ती वीस वर्षांची झाल्यावर एकदा धीर करून बाबांना सरबताचं खरं सांगायला गेली. बाबा म्हणाले, "आता सरबतावर आलीस? उद्या दुधात ठेवला होता म्हणशील."

यावर त्या वेळी ती काय बोलली हे मला कुणी सांगत नाही, म्हणजे चांगलंच बोलली असणार.

यंदा दुकानाला रंग द्यायचा होता. सामान हलवायला मी गेले होते, आत्या बाबांचा डबा घेऊन आली होती. आजोबा गेल्यापासून पायरीची बंदी कुणी पाळत नव्हतं, पण आत्या तरीही दारातच उभी राहायची, आत यायची नाही. बाबांनी जुना खण उपसला आणि तळातून ते फडकं निघालं.

"घे, बघ तुझं कर्तृत्व," बाबा म्हणाले.

आत्याने वस्तरा उघडला. शिंगाची मूठ पिवळी पडलेली, पात्यावर तांबड्या गंजाचे ठिपके, आणि खाली तो निळा-काळा डाग. तिने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग मला म्हणाली, "इकडे ये गं. हा डाग कुठे संपतो ते सांग."

डाग टोकापासून पाऊण पात्यापर्यंत चढला होता आणि तिथे थांबला होता. थांबला होता म्हणजे तिरक्या, सरळ रेघेत. पट्टी लावून आखावी तशी.

"पेल्यात कलून उभा होता ना," आत्या म्हणाली. "ही सरबताची पातळी आहे. दादा, आग काय पट्टी लावून थांबते? आणि माझ्या लोखंडी सुऱ्या रोज निळ्या व्हायच्या. लिंबं चिरली की निळ्या. त्या काय मी शेगडीवर भाजत होते?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. पण आमचे बाबा म्हणजे पालथा घडा. त्यांनी वस्तरा तिच्या हातातून घेतला, पुन्हा दिला, आणि म्हणाले, "डागाचं मला सांगू नकोस. घासशील, चकाकेल. चकाकी पत्र्यालाही येते. पाणी आहे की नाही ते धार सांगते, आणि धार गाल सांगतो."

"मग गाल दे तुझा."

"काय?"

"याला मी धार आणते. धार टिकली तर याच वस्तऱ्याने तुझी दाढी करणार. मी करणार. भर दुकानात, महिन्याने, रविवारी."

बाबांची दाढी म्हणजे तारेचा ब्रश. ते ती स्वतःच करतात, जन्मात दुसऱ्या हाताला गालाजवळ येऊ दिलेलं नाही. माप घ्यायला आलेला रंगारी ऐकत होता, त्याच्यासमोर माघार घेता येईना म्हणून म्हणाले, "चार दिवसांची वाढवून बसतो. आणि वस्तरा अर्ध्यात बोथट पडला तर?"

"तर मी शेगडीवर धरला होता असं सगळ्यांसमोर कबूल करते," आत्या म्हणाली. "पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

घरी जाताना मी तिला म्हटलं, "आत्या, एवढी पैज कशाला? सत्तावन्न वर्षांचा गंज आहे. तुझी काही चूक नसताना धार आली नाही तर?"

"नाही आली तर नाही आली," ती म्हणाली. पण चालताना तिने पिशवी छातीशी धरली होती.

तिच्या दोन खोल्यांपैकी मागची खोली कारखाना झाली. पाट, जुन्या चादरीचे तुकडे, बाटलीची बुचं, आणि तीन तऱ्हेचा पॉलिश कागद. आधी तिने पातं दोन दिवस तेलात ठेवलं. मग ते पाटावर चिकटपट्टीने असं बसवलं की पातळ कडेवर वाकणारा दाब येऊ नये. बुचाला पॉलिश कागद गुंडाळायचा, तेलात बुडवायचा आणि पाठीकडून लांबच्या लांब घासायचं. धारेकडे बोट न्यायचं नाही. एका बाजूला अख्खी सकाळ जायची आणि कापूस पुसून बघितला की काळा निघायचा.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला सायकलची चेन द्यायला आला, त्याने हा उद्योग पाहिला. "आजी, माझ्याकडे मशीन आहे. चाकावर धरतो, दोन मिनिटांत आरसा."

"आणि तापलं म्हणजे?"

"थोडं तापणारच."

"मग तू मला खोटी पाडशील रे बाळा," आत्या म्हणाली. "सत्तावन्न वर्षांत जे मी केलं नाही ते तू दोन मिनिटांत करशील." तो बिचारा काही न समजता हसला आणि चेन ठेवून गेला.

आठव्या दिवशी निळा डाग गेला. आधी त्याचा काळेपणा गेला, मग कडेची धुरकट छटा गेली आणि खालून पांढरंशुभ्र पोलाद आलं. गंजाचे दोन खड्डे पाठीजवळ राहिले, ते तिने राहू दिले. मला म्हणाली, "म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर दोन देवीचे व्रण असले म्हणून काय झालं." पण दिसणं हा प्रश्नच नव्हता.

धारेच्या दगडावर ती बसली तेव्हा मी शेजारीच होते. वस्तरा दगडावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, आणि पुढे सारायचा. टोकाशी आलं की पाठीवर उलटायचा आणि मागे आणायचा. दाब बोटाचासुद्धा नको. कांदे चिरून चिरून आत्याचं मनगट असं तयार झालेलं की वस्तरा हातात नसून हाताचाच असावा. मग चामड्याच्या पट्ट्यावर. पहिल्या दिवशी सवयीने धार पुढे करून फिरवला आणि पट्टा कापला गेला. दुसऱ्या दिवसापासून पाठ पुढे.

तिने डोक्यातला एक केस उपटला, दोन बोटांत धरला आणि पात्यावर टेकवला. केस तुटला. आम्ही दोघी ओरडलोच. दुसरा केस तुटला. तिसरा वाकला. चौथा पात्यावरून घसरून गेला.

पुन्हा दगड, पुन्हा पट्टा. पुन्हा दोन केस तुटले आणि तिसरा वाकला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आत्याने वस्तरा मिटून ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"टिकत नाही," ती म्हणाली. "अण्णा बरोबर होते की काय?"

आजोबांना ती अण्णा म्हणायची. मी म्हटलं, "असं कसं? तू कुठे शेगडीवर धरला होतास?"

"नव्हता धरला. पण इतकी वर्षं एकच गोष्ट ऐकली की आपल्यालाच शंका येते गं. कधी कधी मला शेगडी दिसते. मी तिथे उभी असलेली दिसते. होते की नव्हते?"

ती रडत होती. तिला असं मी त्याच्याआधी एकदाच पाहिलं होतं. माझा संताप झाला, आजोबांवर, बाबांवर, त्या म्हणीवर आणि ती म्हण स्वतः वापरणाऱ्या माझ्यावरही. पण संतापाला धार लावता येत नाही. मी चहा टाकला.

चहा पिता पिता ती वस्तऱ्याकडे बघत होती. मग कप खाली ठेवून भिंगाची काच घेतली. जुनी, शिवणकामाची. पात्याची कड भिंगाखाली धरली आणि मला दाखवली. धारेची सगळ्यात बाहेरची कड कीड लागल्यासारखी दिसत होती. बारीक बारीक खड्डे. गंज कडेत शिरला होता. वरून चकाकी, आत भुसा. धार लागत होती ती भुशावर, आणि दोन केसांत तो भुसा झडत होता.

"वरचं सडलं आहे," आत्या म्हणाली, आणि तिचा पंगतीतला आवाज परत आला. "आतलं अजून बघितलंच नाही मी. कोबीचं पान काढतो तसं हे काढायला पाहिजे."

पुढचे सहा दिवस तिने खरखरीत दगडावर कड मागे नेली. नखाच्या जाडीइतकीही नाही, पण पोलाद द्यायलाच तयार होईना. दगडाला मधोमध खळगा पडला, तिला तो घासून सपाट करावा लागला. याच गोष्टीचा तिला आनंद झाला. "बघ, किती कडक आहे. मऊ पडलेलं लोखंड असं भांडत नाही." सातव्या दिवशी भिंगात कड सरळ दिसली. बारीक दगड, पट्टा, आणि केस. पहिला तुटला. चौथा तुटला. दहावा तुटला. पंधराव्याला ती म्हणाली, "आता पुरे, नाहीतर दादाच्या आधी माझंच टक्कल होईल."

हात बसवायला तिने फुगे आणले. फुगवून त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुटला की नापास. पहिल्या दिवशी अकरा फुटले आणि खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काठी घेऊन वर आले. शेवटच्या दिवशी वीसपैकी एकही फुटला नाही.

रविवारी दुकानात बाकावर पाच गिऱ्हाईकं होती. एकाचंही कापून घ्यायचं काम घाईचं नव्हतं. बाबा पहिल्या खुर्चीत बसले, गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. आत्या दारात थांबली. मग पदर खोचून आत आली, आरशासमोर वस्तरा ठेवला आणि बाबांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला.

"जरा सैल," बाबा म्हणाले.

"दाढी करू दे. फास नाही लावत."

तिने गरम पाण्याने तोंड शेकलं, ब्रशने फेस चढवला, आणि डाव्या कानाखाली वस्तरा ठेवला. दुकानातला रेडिओ कुणीतरी बंद केला. खर्र असा आवाज आला आणि फेसात एक गुलाबी पट्टी उमटली. मग दुसरी. डावा गाल झाला. बाबांचे डोळे आरशात तिच्या हातावर होते. न्हाव्याचे डोळे, काही निसटत नाही त्यांच्यातून. उजवा गाल झाला. इथपर्यंत कुठलंही पातं येतं. हनुवटी हा खरा पेपर, तिथले केस उभे आणि राठ. भुसकट धार तिथे केस ओढते आणि माणूस बसल्या जागी उडी मारतो.

आत्याने बाबांचा ओठ दोन बोटांनी ताणला. हनुवटीवरून वस्तरा खाली आला. बाबा हलले नाहीत. पुन्हा आला. फेसासकट खुंट निघाले आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या थांबली. "ओढतोय?"

"नाही," बाबा म्हणाले. "अजिबात नाही ओढत."

"मग?"

"मान राहिली आहे. आधी ती कर."

तिने मान केली. वरपासून खालपर्यंत, हाडाच्या वळणाने, सावकाश. शेवटचा फेस वस्तऱ्यावरून कागदावर पुसला. बाबांनी हात उलटा करून गालावरून, हनुवटीवरून फिरवला. मग तिच्या हातातून वस्तरा घेतला, मनगटावरचा एक केस उपटून पात्यावर टेकवला. केस तुटला. पूर्ण दाढीनंतरही. त्यांनी पातं खिडकीच्या उजेडात धरलं, अगदी आजोबांनी धरलं असेल तसंच, वस्तरा तिच्या हातात परत दिला आणि बाकाकडे वळले.

"ऐका सगळे. या वस्तऱ्याचं पाणी कधीच उतरलं नव्हतं. हिने तो शेगडीवर धरला नव्हता. अण्णांचं चुकलं."

बाकावरच्या एकाने टाळी वाजवली. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"थांबा. चूक अण्णांची नाही. त्यांनी मला विचारलं होतं, ही शेगडीपाशी दिसली होती का. मी हो म्हणालो." मग ते आत्याकडे बघून बोलले. "मी काही पाहिलं नव्हतं गं. मी गल्लीत खेळत होतो. पाजवायचं काम माझं होतं, ते झालं नव्हतं, मार मला बसला असता. मला वाटलं, जाळला तर हिनेच असणार, मी हो म्हटलं तर काय बिघडलं. अण्णांनी माझ्या शब्दावर तुला दुकानाबाहेर काढलं. खोटं मी बोललो. आणि म्हण तुझ्यावर काढली."

मला वाटलं, आता आत्या काय वाट्टेल ते बोलेल, आणि बोलावं. सत्तावन्न वर्षांचं साठलेलं होतं. पण तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. टॉवेल बाबांच्या गळ्यात होता, त्याचंच टोक ओढून तिने डोळे पुसले, त्यामुळे बाबांची मानही पुढे ओढली गेली. मग ती हसायला लागली. रडता रडता हसू आवरेना म्हणून तिने वस्तरा मिटून आरशापाशी ठेवला. मन ठिकाणावर नसताना हत्यार धरायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर तिने ब्रश पाण्यात बुडवला, साबणावर फिरवला आणि प्रत्येक न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तो प्रश्न विचारला.

"उलटा हात मारू का?"

बाबांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

"मार," ते म्हणाले. "वस्तऱ्याचा मार, नाहीतर नुसताच मार. दोन्ही चालेल."

अख्खं बाकडं हसलं. आत्याने पुन्हा फेस लावला, वस्तरा उघडला आणि माझ्या बापाच्या मानेवरून खालून वर, केसांच्या उलट्या दिशेने, संपूर्ण दाढी दुसऱ्यांदा केली. एक ओरखडा आला नाही.